खिशातले तीनशे ग्रॅम

ते पिस्तूल पहिल्यांदा तळहातावर घेतले तेव्हा मनात आले की हे आपल्याकडून हरवणार. लांबी साधारण तेरा सेंटिमीटर, उंची नऊ आणि जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर. चष्म्याच्या घरातही मावले असते. रुगर कंपनीचे २००८ साली बाजारात आलेले एलसीपी, रिकामे असताना वजनाला पावणेतीनशे ग्रॅमच्या आत. ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या एका दुकानात विक्रेत्याने माझा लहान हात पाहिला आणि दुसरा एकही प्रश्न न विचारता काचेच्या कपाटातून हे बाहेर काढले. मी किती वेळा नेम धरला आहे, माझ्या मनगटात जोर किती, घरी कोण कोण असते, यांतले काही त्याने विचारले नाही. हात लहान म्हणून हत्यार लहान, एवढाच त्याचा हिशोब होता. तो हिशोब उलटा आहे हे कळायला मला आठ महिने लागले.

आमचे औषधांचे दुकान आहे. मी फार्मासिस्ट असून आठवड्यातून चार रात्री नऊ वाजता दुकान मीच बंद करते. दोन वर्षांपूर्वी आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानात दोघे तोंड झाकून शिरले, वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्या मागितल्या आणि त्या मिळाल्यावरही तिथल्या बाईंना मागच्या खोलीत चालायला सांगितले. त्या बाई वाचल्या. पण त्यांनी मला सांगितलेल्या हकिगतीत 'मागच्या खोलीत' हे शब्द माझ्या डोक्यात रुतून बसले. माझ्या नवऱ्याचे म्हणणे असे की मागतील ते देऊन टाकावे, विमा कशासाठी आहे, आणि ते म्हणणे बरोबरच आहे. मी आजही तसेच करीन. गल्ल्यासाठी किंवा गोळ्यांच्या बाटलीसाठी कुणावर पिस्तूल रोखण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. माझा प्रश्न फक्त त्या मागच्या खोलीपुरता होता.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येते. 'कायद्याने अपात्र' या शब्दांपाशी मात्र आपल्या लोकांनी थांबायला हवे. कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर इथे राहणाऱ्याला संघीय कायदा, काही मोजके अपवाद सोडल्यास, बंदूक किंवा काडतुसे बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ती आडकाठी राहत नाही. मित्राबरोबर सहज रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जाऊन भाड्याचे पिस्तूल हातात घेणारी किती तरी मराठी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांना याची कल्पना नसते. मी स्वतः नागरिकत्व मिळाल्यावरच या वाटेला लागले, आणि गरज नसतानाही परवाना काढला, कारण त्यासाठीच्या वर्गात कायदा, भांडण हाताबाहेर जाऊ न देण्याची रीत आणि हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याची पद्धत शिकवतात, आणि शेवटी तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात.

बंदूक मला परकी नव्हती. कुडाळजवळच्या आमच्या गावी अण्णांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. पडवीत दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली असे आणि भाताला कणसे धरली की रानडुकरांसाठी खाली येई. नळीत दारू ओतायची, चिंधी घालायची, गजाने ठासायची, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी. एक बार भरायला एवढा वेळ लागे की रागाच्या भरात ती वापरणे शक्यच नव्हते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि तिची पावती अण्णा देवघरातल्या पंचांगात घालून ठेवायचे. त्या बंदुकीचा धाक तिच्या दिसण्यात होता. पडवीत येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिच्यावर जाई. टेक्सासमध्ये मी जे विकत घ्यायला निघाले होते, त्याचा सगळा गुण न दिसण्यात होता, आणि या एका फरकाशी जुळवून घ्यायला मला पिस्तूल चालवायला शिकण्याहून जास्त वेळ लागला.

पहिल्या दिवशी रेंजवर मी तेच छोटे पिस्तूल भाड्याने घेतले. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, सहा काडतुसे मावतात. मुठीवर माझी दोनच बोटे बसली. करंगळी खाली हवेत लोंबकळत राहिली. माशी, म्हणजे नेम धरायची नळीच्या टोकावरची खूण, म्हणावी तर तिळाएवढा एक उंचवटा, तोही काळ्यावर काळा. पहिला बार झाला तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यात कुणी तरी लाकडी पट्टी मारावी तसा फटका बसला. दुसऱ्या बाराला माझे डोळे चाप ओढण्याआधीच मिटले. चौथ्या बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, उभी अडकली आणि पिस्तूल मुके झाले. शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षक बाईंनी ते हळूच माझ्या हातातून काढून घेतले, पुंगळी मोकळी केली आणि सांगितले की दोष यंत्रात नाही, माझ्या मनगटात आहे. स्लाइड मागे जाऊन पुंगळी फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलते. तिला मागे जाताना खाली घट्ट आधार लागतो. मनगट ढिले पडले की अख्खे पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे सरकते आणि तिचा प्रवास अर्धवट राहतो. जड पिस्तूल स्वतःच्या वजनाने हा आधार थोडाफार पुरवते, हलके पिस्तूल तो सगळा हाताकडून मागते. सात यार्डांवरच्या कागदावर माझ्या चारांपैकी दोनच गोळ्या लागल्या होत्या आणि त्याही खांद्याच्या बाहेर.

मग त्या बाईंनी त्याच काडतुसाचे दुसरे पिस्तूल दिले. काडतूस .३८० या मापाचे, गोळी तीच, सहा ग्रॅमच्या आसपास. पिस्तूल मात्र स्मिथ अँड वेसनचे २०१८ साली निघालेले शील्ड ईझेड, वजनाला सव्वापाचशे ग्रॅम, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. स्लाइड हलक्या हाताने ओढता यावी, मॅगझिन भरताना अंगठा सोलवटू नये, असा विचार करूनच ते घडवलेले आहे. या वेळी करंगळीही मुठीवर बसली. बार झाला, नळी किंचित उचलली आणि परत जागेवर आली. आठच्या आठ गोळ्या ताटलीएवढ्या जागेत. मी पुन्हा पुन्हा कागदाकडे पाहत होते. गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे येते आणि पिस्तूल जितके हलके तितके वेगाने येते, हे शाळेत घोकलेले होते. ते पहिल्यांदा हाताला कळले. लहान पिस्तुलाने कमरेवरचे वजन वाचते खरे, पण तेच वजन ते मनगटावर, डोळ्यांवर आणि सरावाच्या तासांवर टाकते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की सर्वांत लहान पिस्तूल मुरलेल्या हाताचे असते, आणि नवशिक्या बाईच्या हातात तेच पहिले ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. लहान हाताला शिकताना थोडे जड, थोडे लांब, भरपूर मूठ असलेले हत्यार हवे.

मधल्या महिन्यांत मी बरेच काही हाताळून पाहिले. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे .२२ चे पाच बारांचे चिमुकले रिव्हॉल्व्हर पाहिले. त्यात प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा चढवावा लागतो, आणि घाबरलेल्या, घामेजलेल्या अंगठ्यावर माझा तेवढा विश्वास नाही. बेरेटाची एक जुनी जात पाहिली, तिची नळी वरच्या अंगाने उघडते आणि काडतूस सरळ आत ठेवता येते, त्यामुळे संधिवाताच्या बोटांना स्लाइड ओढावी लागत नाही. घोडा आत झाकलेले, पाच बारांचे .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर मला फार आवडले. कपड्यात अडकायला त्याला बाहेर काहीच नाही, आणि एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढायचा की पुढचे घर समोर येते. पण त्याचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि त्याचे स्वतःचे वजन सवाचारशे ग्रॅमही नसते. स्वतःच्या दहापट ओढ सोसताना ते माझ्या हातात डावीकडे झुकायचेच. नऊ मिलिमीटरची नवी छोटी पिस्तुले उत्तम आहेत, सिग कंपनीच्या पी-३६५ ने २०१८ मध्ये त्या आकारात दहा गोळ्या बसवून सगळा बाजार बदलला. पण माझ्या खिशाला ती जाड आणि जड.

रेंजवर .३८० चे नाव काढले की कुणी ना कुणी 'फार कमजोर गोळी' असे म्हणतोच. तांत्रिक अर्थाने त्यात तथ्य आहे. आखूड नळीतून निघालेली ही गोळी कधी पुरेशी खोल जात नाही, कधी आत गेल्यावर उमलायची, म्हणजे पसरायची, ती उमलत नाही, म्हणून काडतूस निवडताना काळजी घ्यावी लागते. पण मी मराठी आहे आणि ते वाक्य मला शांतपणे ऐकून घेता येत नाही. १९०८ साली कोल्ट कंपनीने बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांची ही रचना बाजारात आणली. युरोपात तिला नऊ मिलिमीटर आखूड म्हणतात. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारणाऱ्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात ब्राउनिंग यांचेच छोटे पिस्तूल होते आणि त्यात हेच काडतूस होते. ३० जानेवारी १९४८ रोजी संध्याकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात, प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींसमोर पुण्याच्या नथुराम गोडसेने नमस्कार करून जे बेरेटा बाहेर काढले, तेही याच काडतुसाचे. तीन गोळ्या, अगदी जवळून. त्याच्याही आधी, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकन यांच्यावर झाडलेले, फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांच्या कारखान्यातले एकबारी पिस्तूलही तळहातात लपेल एवढेच होते.

हे सगळे आठवून मी एका संध्याकाळी रेंजवरून काही न झाडता परत आले. खिशात लपणाऱ्या हत्याराचा इतिहास हा बहुतांशी मारेकऱ्यांचा इतिहास आहे, ही गोष्ट मला स्वतःपासून लपवायची नव्हती. जवळ जाता येणे, गर्दीत कुणाला न कळणे, हात खिशात असणे, हे जे गुण मी कागदावर एकाखाली एक लिहीत होते, तेच त्या तिघांनाही हवे होते. माझा हेतू वेगळा आहे असे मी म्हणते आणि तसे मला मनापासून वाटते; पण हेतू पिस्तुलात नसतो, तो बाळगणाऱ्यात असतो, आणि म्हणून तो रोज तपासावा लागतो. माझ्या दुकानात आवाज चढवणारे लोक दररोज येतात. विम्याने औषध नाकारले की माणसे काउंटरवर मुठी आपटतात. पिस्तूल खिशात असताना अशा माणसाशी बोलण्याचा माझा स्वर जर एका सुतानेही चढला, तर ते मी घरी ठेवायचे, असे मी स्वतःशी ठरवले आहे. आजवर उलटेच झाले आहे. मी आधीपेक्षा लवकर 'तुमचे बरोबर आहे' म्हणते.

आता बाळगण्याविषयी. बायकांच्या पँटीचे खिसे हा एक स्वतंत्र अपमान आहे. त्यांत चार बोटेही धड जात नाहीत. पर्स मी पहिल्या दिवशीच बाद केली. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावी, खरेदीला गेलेल्या एका तरुण आईच्या पर्समधून तिच्याच दोन वर्षांच्या मुलाच्या हाती पिस्तूल लागले आणि ती जागीच गेली. ती बेफिकीर बाई नव्हती, रीतसर परवाना असलेली होती, आणि पर्सही पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेलीच होती. पर्स आपण ट्रॉलीत ठेवतो, खुर्चीला अडकवतो, मैत्रिणीकडे धरायला देतो. म्हणून हत्यार अंगावरच हवे. दुकानात मी पांढरा कोट घालते, पण कोटाचा खिसा हलतो आणि वाकले की पुढे लोंबतो. शेवटी मी शिलाईयंत्र काढले आणि तीन पँटींचे उजवे खिसे उसवून जाड कॅनव्हासचे दुहेरी अस्तर घालून हात पूर्ण जाईल एवढे खोल केले. खिशात पिस्तूल नुसते टाकायचे नाही. चाप पूर्ण झाकणारे खिशाचे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, त्याला हवेच, म्हणजे किल्ली किंवा रुमालाचा पीळ चापात शिरणार नाही. आणि त्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू, अगदी एक नाणेसुद्धा, जाता कामा नये. पहिल्या आठवड्यात सवयीने मी पेन त्याच खिशात घातले होते. ते लक्षात आल्यावर जी कापरी भरली ती अजून आठवते.

घरातल्या व्यवस्थेला मात्र माझा धंदाच उपयोगी पडला. दुकानात मादक औषधांचा कप्पा असतो, प्रत्येक गोळीची नोंद असते, किल्ली कुणाकडे हे ठरलेले असते. हा शिस्तीचा भाग आमच्यात भिनलेला असतो, कारण हाताशी असलेली वस्तू वाईट क्षणी काय करू शकते ते आम्हाला माहीत असते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने जे अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक मृत्यू झाले, त्यांतले सव्वीस हजारांहून अधिक आत्महत्येचे होते; म्हणजे चोरापेक्षा घरातल्या एखाद्याची एक काळी रात्र जास्त घातक ठरते. आमचा मुलगा कॉलेजातून सुट्टीला येतो, त्याचे मित्र येतात. म्हणून पेटी भिंतीला बोल्टने पक्की केलेली आहे, बोटांनी दाबायच्या आकड्यांचे कुलूप आहे आणि आकडा आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. घरात शिरल्यावर चप्पल काढण्याआधी पिस्तूल पेटीत जाते. आमच्यापैकी कुणाचेही मन ठीक नसेल तर ते एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवायचे, हे आम्ही आधीच एकमेकांना बोलून ठेवले आहे. असे बोलणे मराठी नवराबायकोत सोपे नसते. आम्ही ते एका रविवारी चहा गार होईपर्यंत केले.

शिकायला मी ते जड ईझेड घेतले आणि आठ महिने त्याच्यावरच हात बसवला. रोज रात्री दहा मिनिटे, दोनदा तपासून रिकाम्या केलेल्या पिस्तुलात डमी काडतुसे घालून, भिंतीवरच्या ठिपक्यावर माशी न हलवता चाप ओढायचा. त्यानंतरच मी पुन्हा लहानाकडे वळले, आणि तेही एलसीपीच्या २०२१ सालच्या मॅक्स या आवृत्तीकडे. तीनशे ग्रॅम, दहा गोळ्या, आणि मुख्य म्हणजे डोळ्यांना दिसणारी माशी; तिच्या मध्ये अंधारात उजळणारा एक ठिपका आहे. ते चालवायला आजही सुखाचे नाही. महिन्यातून एकदा रेंजवर मी पन्नास गोळ्या जड पिस्तुलाने झाडते आणि मग लहानाची दोन मॅगझिने, त्याहून जास्त नाही, कारण हात दुखायला लागला की तो दचकायला शिकतो. सात यार्डांवर आता माझ्या गोळ्या छातीवर लागतात. पंधरा यार्डांचा मी विचार करत नाही. काउंटरपासून मागच्या खोलीच्या दारापर्यंतचे अंतर मी टेपने मोजले आहे, ते चार यार्ड आहे.

बऱ्याच ठिकाणी ते नेता येत नाही. मराठी शाळा रविवारी एका शाळेच्या इमारतीत भरते, तिथे कायद्यानेच बंदी आहे. पोस्टातही नाही. काही दुकानांच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत इंचभर उंचीच्या अक्षरांतली पाटी असते, ती दिसली की मी गाडीकडे परत फिरते. गणपतीत मी ते नेतच नाही. नेता आले असते तरी नेले नसते.

या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली. पेटी तिने दुसऱ्याच दिवशी पाहिली, पण पंधरा दिवस काही विचारले नाही. मग एका दुपारी तिने कोथिंबीर निवडताना म्हटले, "दाखव बघू एकदा." मी मॅगझिन काढले, स्लाइड मागे ओढून नळी रिकामी असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग तिला दाखवले, आणि तिच्या तळहातावर ते ठेवले. तिने ते लिंबाचा अंदाज घ्यावा तसे खालीवर करून पाहिले.

"अण्णांची तर दोघांना उचलावी लागायची," ती म्हणाली. "आणि गावभर सगळ्यांना ठाऊक होती. हे तुझ्याकडे आहे ते कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"ह्यांना आणि मला. आणि आता तुला."

तिने ते परत माझ्या हातात दिले, पदराला बोटे पुसली आणि विचारले की याचीही कुठे पावती ठेवावी लागते का. मी परवान्याचे कार्ड आणि विकत घेतल्याची पावती काढून दिली. तिने चष्मा लावून दोन्ही नीट वाचले, घडी केली, आणि देवघरात जाऊन पंचांगात घालून ठेवले.